सहा गाड्या, आवाज नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

सहा नंबरच्या सायकलची चेन रॉकेलच्या फडक्याने पुसत होतो. यशराजदादा आले आणि उभ्यानेच म्हणाले, "सम्मेद, काल त्या पुण्याच्या पावण्यांनी निम्मेच पैसे दिले. उतारावर मोटर खडखडतीया म्हणं. काय भानगड हाय ती शोध."

मी शोधतो म्हणालो आणि ही वही सुरू केली. कामाची नोंदवही वेगळी आहे, ती दादा बघतात. ही फक्त माझी.

आधी सगळे नीट लिहून ठेवतो. दादांनी ऑगस्टच्या शेवटी बॅटरीवर चालणाऱ्या सहा डोंगरी सायकली घेतल्या. पेडल मारले की मधली मोटर जोर देते, त्यामुळे दम न लागता चढ चढता येतो. शनिवार-रविवारी पन्हाळ्यावरून मसाई पठारावर पावण्यांना फिरवून आणायचे, हा धंदा. गाड्या आणि शेड वाघबिळाजवळ. पावण्यांच्या पुढे दादांच्या पत्नी क्रांतीवहिनी असतात, मागे मी असतो. बाकीचे दिवस मी दुरुस्ती करतो. मी दहावी नापास आहे, गणितात. सहा वर्षे आमच्या गावी कबनूरला यंत्रमागावर काम केले, मग एक वर्ष बॅटरी रिक्षांच्या गॅरेजमध्ये. इथे मी ३० नोव्हेंबरपर्यंत तात्पुरता आहे. त्यानंतर कायम करायचे की नाही ते दादा ठरवणार. माझे वडील आण्णा ज्या शेडमध्ये कामाला होते तिथले माग भंगारात गेले आहेत, म्हणून मला कायम व्हायचे आहे. दुसरे असे की यंत्राला हात लावण्याखेरीज मला काहीच येत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सहाही गाड्या पठारापर्यंत नेल्या. एक खाली आणायची, दुसरी न्यायची, असे सहा वेळा. उतारावर पेडल थांबवून सोडल्या. प्रत्येक बोल्ट तपासला. साखळीचे आवरण, घंटी, दिव्याची तार, सगळे घट्ट. गोट्यांवरून चाक जाताना होतो तेवढाच आवाज आहे. नोंदवहीत लिहिले: गाडी १ ते ६, आवाज नाही.

मला यात घाई चालत नाही. चाळीस मागांच्या शेडमध्ये त्या टोकाचा माणूस काय बोलला ते मला या टोकाला समजायचे. मालक कौतुक करायचे. त्यामुळे माझ्या तपासणीबद्दल मला शंका नाही. शंका पावण्यांबद्दल आहे. भाडे कमी करायला माणसे काहीही सांगतात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

खोलीवर डाळ करपली. कृष्णात माझ्याबरोबर राहतो, फाउंड्रीत कामाला आहे. तो अंघोळ करून बाहेर आला तर खोलीभर धूर. मी कुकरपासून चार हातांवर वही लिहीत बसलो होतो.

"आरं बहिरा हायस का? सात शिट्ट्या झाल्या."

आमच्याकडे कोणीही कोणालाही असे म्हणते, म्हणून मी मनावर घेतले नाही. शिट्टी झालीच नव्हती, रबर गेले असणार. नवे रबर आणले, ९० रुपये. कृष्णात म्हणाला जुने चांगले होते. तो प्रत्येक गोष्टीत वाद घालतो.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज आठ पावणे, दोन फेऱ्या. सांगलीच्या एक शिक्षिका होत्या, वय पन्नासच्या पुढे. पठारावर थांबल्यावर म्हणाल्या, "किती पक्षी ओरडतायत हो." मी वर पाहिले. आकाशात एकही नव्हता. मी मान हलवली.

उतारावर त्यांनी मला शेजारी बोलावले. पेडल थांबवले आणि बोट मोटरीकडे केले.

"हा बघा. पत्र्याच्या डब्यात चिल्लर हलवल्यासारखा. आता पेडल मारते. गेला. आता थांबले. आला."

"दगडांचा हाय तो, मॅडम."

"दगडांचा कसा? पेडल मारलं की दगड संपतात का?"

त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. चेहरा रागाचा नव्हता. जाताना त्यांनी पूर्ण पैसे दिले, वर मला पन्नास रुपये दिले. म्हणजे भाडे कमी करायला बोलत नव्हत्या. माझा तर्क इथे बसत नाही, हे लिहून ठेवतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

विक्रेत्यांनी मोबाइलवर सहा अर्ज पाठवले. तीन महिन्यांच्या आत म्हणजे या महिनाअखेरपर्यंत तक्रार नोंदवली आणि ती खरी निघाली, तर मोटर फुकट बदलून मिळते. प्रत्येक गाडीला एक अर्ज, आणि तो मेकॅनिकने भरायचा. चौथा प्रश्न: "आपण स्वतः आवाज ऐकला का?"

मी सहाही ठिकाणी "नाही" लिहिले. न ऐकलेले ऐकले म्हणणे मला जमणार नाही. प्रत्येक अर्ज दोनदा वाचून ऱ्हस्व-दीर्घ तपासले, मग पाठवले.

मी भरत होतो तेव्हा वहिनी निघायच्या तयारीत होत्या. स्कार्फ तोंडाला गुंडाळताना काहीतरी म्हणाल्या. मी हो म्हणालो. तोंड झाकून बोलणारी माणसे मला आवडत नाहीत. वहिनी स्वभावाने चांगल्या आहेत, पण तुटक बोलतात.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज जे झाले ते क्रमाने लिहितो.

विक्रेत्यांचे उत्तर आले. आपल्याच मेकॅनिकने दोष नसल्याचे कळवले आहे, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. दादांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

"ह्ये तू लिवलंस? सहाच्या सहा?"

"व्हय."

"आवाज न्हाय म्हणून?"

"मला आला न्हाय, तर आला असं कसं लिवू?"

वहिनी आतून आल्या. "मी ह्याला बजावून सांगितलं होतं की. पावण्यांचे पाच व्हिडिओ आल्यात, ते जोड, आन् आवाज हाय म्हणून लिही. व्हय म्हणाला हा. सरळ व्हय म्हणाला."

वहिनी असे काही बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी लिहून ठेवले असते. मग १२ तारखेचे पान आठवले.

दादांनी व्हिडिओ लावला. सायकलचे हँडल, पुढे वाट, गोटे, मागे कोणाची तरी सावली. चाकांची घरघर. आणखी काही नाही. दादा आणि वहिनी दोघेही माझ्याकडे बघत होते.

"ऐकू आलं?" दादा म्हणाले.

आणि मी म्हणालो, "आलं."

का म्हणालो ते मला सांगता येत नाही. दोघांचे चेहरे असे होते की आवाज आहेच, आणि न येणारा मी एकटाच.

"मग तवा का न्हाय आला?" दादा एकदम शांत झाले. ते ओरडतात तेव्हा काळजी नसते, सगळेच ओरडतात. "कंपनीवाल्यांनी किती दिलं तुला?"

मी चहासुद्धा कोणाचा फुकट घेत नाही. हे दादांना सांगायला हवे होते.

"दोन दिवस घरी जा," ते म्हणाले. "बघू रविवारी."

पाच नंबरची गाडी चाचणीसाठी मागितली. वहिनी मध्ये पडल्या म्हणून मिळाली.

बुधवार, १९ नोव्हेंबर. कबनूर.

काल पाच नंबर चालवत इथवर आलो, पावणेतीन तास. एका चार्जिंगमध्ये आलो, अकरा टक्के उरले.

आज सकाळी आण्णांना सगळे सांगितले. आण्णा चाळीस वर्षे मागांची दुरुस्ती करत होते, आमच्याकडे त्याला जॉबर म्हणतात. आता त्यांना फार कमी ऐकू येते. त्यांच्यासमोर बसून ओठ नीट हलवले की सगळे कळते. शेडमध्ये आम्ही सगळे असेच बोलायचो, आवाज काढायची गरजच नसायची.

आण्णांनी सायकल दोन वेळा फिरून बघितली. मग खाली मांडी घातली आणि मोटरीवर तळहात ठेवला.

"मागलं चाक वीतभर उचल आन् सोड."

मी सोडले.

"पुन्यांदा."

सोडले.

"हाय की," आण्णा म्हणाले. "आत सुटं हाय कायतरी. दात दाताला लागतोय. बस हितं, हात ठेव."

मी हात ठेवला, त्यांनी चाक सोडले. तळव्याला आतून बारीक टिचकी बसली. दुसऱ्यांदा सोडले, पुन्हा बसली. चिल्लर भरलेल्या डब्यासारखे म्हणाल्या होत्या त्या शिक्षिका. हाताला अगदी तसेच लागले.

"तुम्ही कानानं न्हाय बघत?" मी विचारले.

"कान कवाच गेलं माझं. शेवटची धा वर्सं समदं हातानंच बघितलं."

"मालकांना ठावं हुतं?"

"सांगतोय व्हय? काढून टाकला असता."

हे मला माहीत नव्हते. दहा वर्षे मी त्याच शेडमध्ये ये-जा करत होतो, त्यातली सहा कामाला होतो.

मी मोटरीजवळच बसून होतो. आण्णा माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. मग त्यांनी हात वर करून कोणाला तरी थांबायची खूण केली आणि मला विचारले, "आई काय म्हणाली?"

"आई कुठं काय म्हणाली?"

"चार हाका मारल्या तुला. जेवायला."

आण्णांनी तिचे ओठ बघितले होते. मी वळलो. आई उंबऱ्यावर उभी होती, मुलगा वळेल म्हणून वाट बघत असल्यासारखी. माझ्यापासून पाच-सहा पावलांवर.

"तुला कवापासनं?" आण्णांनी विचारले.

मी म्हणालो, "काय कवापासनं?"

आम्ही जेवलो. आण्णांनी त्यांच्या ताटातला खर्डा माझ्या ताटात घातला. निघताना एवढेच म्हणाले, "सायेबाला सांगू नगंस. हात हाय न्हवं चांगला."

शनिवार, २२ नोव्हेंबर

काल कोल्हापुरात कानाची तपासणी करून घेतली. कृष्णातला बरोबर ये म्हणालो, तो काही न विचारता आला. इतर वेळी दहा प्रश्न विचारतो.

एक छोटी खोली असते, आतून जाड कापडाची. तिथे बसायचे, कानांवर हेडफोन लावायचे. काचेपलीकडे बाई असतात. आवाज आला की आपण बटण दाबायचे. मी नेहमीप्रमाणे लक्ष देऊन केले. एकही चुकवला नाही.

बाई आत आल्या. "सगळे बरोबर. इतके बरोबर कोणाचेच येत नाही."

मला बरे वाटले. वाटले, आण्णांचा गैरसमज झाला.

"काय बघून दाबत होतात?" बाईंनी विचारले.

मी विचार केला. मग खरे ते सांगितले. त्या आवाज सोडतात तेव्हा त्यांचा उजवा खांदा किंचित पुढे होतो. तो झाला की मी दाबत होतो. फसवावे असे मनात नव्हते. समोरच्याचे अंग बघून काम ओळखायचे, एवढेच मला शिकवलेले आहे. आवाजही तेव्हाच येत असेल असे मी धरून चाललो होतो.

बाईंनी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

मग मी बसून राहिलो. सुरुवातीला काही जाड आवाज आले, तेवढे दाबले. पुढे बराच वेळ काहीच झाले नाही. यंत्र बंद पडले असेल म्हणून मी वळून पाहिले, तर बाईंचा खांदा हलत होता.

त्यांनी आलेख दाखवला. डावीकडून रेघ सपाट येते आणि उजवीकडे विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. बारीक आवाज जवळजवळ गेले आहेत. शिट्टी, घंटी, पक्षी, पत्र्याची किणकिण. जाड आवाज येतात, म्हणून आपल्याला ऐकू येते असे वाटत राहते.

"मागावर होतात ना?" बाई म्हणाल्या. "तुमच्या भागातली माणसं आली की आलेख असाच असतो. नाव झाकलं तरी मी गाव सांगते." गेलेले परत येत नाही. कानाला मशीन लावले तर बरेच भागेल.

बाहेर आल्यावर कृष्णातला आलेख दिला. त्याने तो उलटा-सुलटा करून बघितला.

"ते कुकरचं रबर," तो म्हणाला. "नव्वद रुपयं गेलं बघ फुकट."

मग चहा त्यानेच पाजला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल रविवार होता, पण दादांनी मला बोलावले नाही. पावण्यांच्या मागे दादांचा भाऊ गेला. आज पाच नंबर परत द्यायला मी न बोलावता गेलो. दादा कोल्हापूरला गेले होते. वहिनींनी किल्ली दिली.

सहाही गाड्या आण्णांच्या पद्धतीने तपासल्या. वीतभर उचलून सोडायची, तळहात मोटरीवर, प्रत्येक गाडी वीस वेळा. नंतर मागचे चाक स्टँडवर घेऊन पेडल मारत पुन्हा तळहात ठेवायचा. वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळले नाही. आता कळले नाही तर का कळले नाही ते माहीत आहे.

पाच गाड्यांमध्ये सारखेच लागते. पेडल थांबले की मोटरीतला क्लच मोकळा होतो आणि खड्ड्यात आतल्या आत दात आपटतात. पेडल मारले की दाबून बसतात, आवाज जातो. त्या शिक्षिका हेच सांगत होत्या. यात बिघाड नाही. मोकळे ठेवायचेच म्हणून ठेवले आहे.

तीन नंबर वेगळी आहे. तिच्यात पेडल मारतानाही हाताला लागते, आणि सारखे लागत नाही. दोन बारीक, एक जोराचा, मग काही नाही, मग पुन्हा. तिची बेअरिंग गेली आहे. माझी खात्री आहे. सगळ्या गाड्या खडखडतात असे सगळेच म्हणत होते, म्हणून ही एक खरी आजारी आहे हे कोणाला कळले नाही.

तक्रार पुन्हा उघडायची तर महिनाअखेरच्या आत नवा अर्ज करायला हवा. त्यात एक रकाना आहे: "पूर्वीच्या अर्जातील माहिती बदलण्याचे कारण." खाली मेकॅनिकची सही आणि मालकाची सही.

हा रकाना मी दोन तास कोरा ठेवला आहे. "पुन्हा तपासणी केली" एवढे लिहिले तर चालेल का? चालेल. मग दादा म्हणणार, कंपनीचे पैसे खाल्ले आणि आता घाबरला. मी लबाड ठरेन, पण मेकॅनिक राहीन. खरे कारण लिहिले तर लबाड ठरणार नाही. मग बहिऱ्याला मशीनच्या कामाला कोण ठेवील, हा प्रश्न उरतो. आण्णांनी दहा वर्षे सांगितले नाही आणि दहा वर्षे पगार आणला. त्याच पगारावर मी शाळेत गेलो. त्यांना चूक म्हणायची माझी हिंमत नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

रकान्यात लिहिले: "पहिला अर्ज भरताना मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत हे मला माहीत नव्हते. आता तपासणी हाताने केली आहे." आलेखाची प्रत जोडली. मसुदा तीनदा लिहिला. शेवटच्या वेळी "माफी असावी" हे शब्द काढून टाकले. चूक झाली आहे, पण अपराध नाही.

दादा शेडबाहेर हवा भरत होते. कागद दिला. त्यांनी वाचला, आलेख बघितला, पुन्हा वाचला.

"म्हंजे तुला ऐकूच येत न्हाय?"

"जाडं येतंय. बारीक न्हाय."

"व्हिडिओ लावला तवा आलं म्हणालास की."

"खोटं बोललो."

"आन् मी पैसं खाल्लं म्हणालो, तवा गप बसलास?"

"गप बसलो."

दादांनी पंप खाली ठेवला. "आयला, आमच्यात समदीच वरडून बोलत्यात. कळायचं कसं माणसाला?" मग शेडकडे तोंड करून काहीतरी ओरडले. वहिनी बाहेर आल्या. त्यांनी उभ्याउभ्या कागद वाचला. वाचता वाचता स्कार्फ हनुवटीखाली ओढला.

"बारा तारखेला मी तुला पाठमोरी बोलले हुते का रे?"

"तोंडाला बांधत हुता."

दादांनी माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. तीन नंबर बाजूला काढायला सांगितली. माझ्याबद्दल मात्र काही सांगितले नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

विक्रेत्यांचा माणूस शुक्रवारी येऊन गेला. तीन नंबरची मोटर बदलून मिळणार. बाकी पाचांचा आवाज नेहमीचा आहे, तसे लेखी दिले. पावण्यांना आधीच सांगायचे असे ठरले.

आज सकाळी फेरी निघायच्या आधी दादांनी मला बाजूला घेतले. माझ्यासमोर नीट उभे राहिले, आणि नेहमीपेक्षा हळू बोलले. हळू बोलायची गरज नाही हे मी त्यांना नंतर सांगेन.

"दुरुस्तीला तू कायम. पगार ठरल्यापरमाणं. पर पावण्यांच्या मागनं जायचं बंद. उतारावर कोण पडलं, वरडलं, तर तुला यायचं न्हाय. त्ये मला झेपायचं न्हाय, सम्मेद."

पठारावर जाणे मला या कामात सगळ्यात आवडायचे. मी मनात शोधले, पण त्यांच्या बोलण्यात खोट सापडली नाही. बरोबर आहे म्हणालो. पाच गाड्या वर गेल्या. वळण दिसेनासे होईपर्यंत मी बघत होतो, मग तीन नंबरची चाके काढायला घेतली.

महिन्याचा हिशोब. झालेला खर्च: कुकरचे रबर ९०, माझी तपासणी ६००, आलेखाच्या प्रती १२, बस २४०. मशीन एकाच कानाचे सांगितले आहे, उजव्या, किंमत १४,०००. त्यातले ४,००० माझे भरले. देणे: यशराजदादांची उचल १०,०००, दरमहा हजार कापणार. कृष्णातचे चहाचे १५, तो घेत नाही. आण्णांच्या तपासणीचे ६०० काल आगाऊ भरले, पण आण्णा आले नाहीत. पुढच्या सोमवारपर्यंत पावती चालेल, असे बाई म्हणाल्या.